मनमोकळं : लग्न तोंडावर आलंय आणि मनात एकच भीती

(पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापत नाही. ओळख पटेल असा मजकूर काढून पत्रं थोडक्यात दिली आहेत.)

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, नोकरी चाकणला, कारखान्यात मशीन ऑपरेटर. २४ जुलैला, गटारीच्या रात्री, खोलीवरच्या मित्रांबरोबर बाहेर पडलो. दारू झाली होती. त्या भरात पैसे देऊन एका बाईकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. कंडोम वापरला होता, पण नंतर बघितलं तर फाटलेला. आठव्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी केली, रिपोर्ट ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आला. दोन दिवस बरं वाटलं. मग ताप आला, घसा धरला, जिभेवर पांढरा थर दिसतो, जबड्याखाली गाठ हाताला लागते. मोबाइलवर जी जी लक्षणं वाचली ती सगळी मला आहेत. वजन उतरलंय. साखरपुडा झालाय, लग्न मार्गशीर्षात आहे. तिचा रोज फोन येतो, माझ्याच्याने बोलवत नाही. तसल्या बाईकडे गेलो म्हणजे मला झालंच असणार. सरकारी दवाखान्यात गेलो तर गावभर होईल. कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.

उत्तर : तुझं पत्र गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. शेवटची ओळ वाचली आणि अंकाची वाट न बघता तुला त्याच संध्याकाळी मेलवर उत्तर पाठवलं. तेच थोडं वाढवून इथे छापते, कारण गटारीनंतर आणि ३१ डिसेंबरनंतर अशी पत्रं दर वर्षी येतात. लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय.

आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल. तो विचार पुन्हा मनात आला तर १४४१६ हा नंबर लाव. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे, रात्री-अपरात्री कधीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. खोलीवरच्या ज्या मित्रावर तुझा सगळ्यात जास्त भरवसा आहे त्यालाही आजच सांग. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात मी अनेक वर्षं समुपदेशक होते. ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात घेऊन त्या खोलीतून बाहेर पडलेली माणसं पुढे लग्न करताना, घर बांधताना, नातवंडं खेळवताना मी पाहिली आहेत. तू तर अजून रिपोर्टसुद्धा बघितलेला नाहीस.

हो, नाहीच बघितलेला. आठव्या दिवसाचा तो कागद या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. विषाणू शरीरात शिरला तरी तपासणीत दिसायला काही आठवडे जावे लागतात, त्यालाच विंडो पीरियड म्हणतात. आठव्या दिवसाचा ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ एवढंच सांगतो की २४ जुलैच्या बऱ्याच आधीपासूनची एचआयव्हीची लागण तुला नव्हती. लॅबवाल्याने रक्त घेताना ‘संबंध कधी आला होता’ हे विचारायला हवं होतं. बरेच जण विचारत नाहीत, आणि माणूस खोटा दिलासा घेऊन घरी जातो.

तुझ्या पत्रात सगळ्यात उपयोगी काय असेल तर ती २४ जुलै ही तारीख. ती कॅलेंडरवर लिही आणि तिथून पुढे मोज. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये जी ‘फोर्थ जनरेशन’ तपासणी होते, ती विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही पकडते आणि शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीही. लागण झाली असेल तर ही तपासणी १८ ते ४५ दिवसांच्या दरम्यान ती दाखवते. तुझे ४५ दिवस ७ सप्टेंबरला भरतात. बोटातून थेंब घेऊन किंवा झटपट किटवर जी तपासणी होते ती बहुतेक वेळा फक्त अँटिबॉडी बघते. तिला २३ ते ९० दिवस लागू शकतात. म्हणून माझं सांगणं असं : ७ सप्टेंबर उलटली की लगेच एक तपासणी कर. ती निगेटिव्ह आली तर छातीवरचं निम्म्याहून जास्त ओझं तिथेच उतरेल. तीन महिने भरतात २४ ऑक्टोबरला, म्हणजे भाऊबीज आटोपल्यावर. तेव्हा दुसरी आणि शेवटची. तुळशीचं लग्न त्यानंतर, आणि तुझं त्याच्याही नंतर. तारखा तुझ्या बाजूने आहेत.

आता ‘झालंच असणार’ याबद्दल. समोरची स्त्री एचआयव्ही बाधित आहे, तिचं औषध चालू नाही आणि कंडोमही नाही, असं सगळं धरलं तरी योनीमार्गे झालेल्या अशा १०,००० संबंधांमागे पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण अंदाजे चार आहे. कुणाच्या अंगावर फोड किंवा जखम असेल, दुसरा गुप्तरोग असेल, किंवा तिची स्वतःची लागण अगदी ताजी असेल, तर ते वाढतं. शून्य नाही, म्हणून तपासणी करायची. पण तू ज्या खात्रीने लिहिलंस, त्या खात्रीला आधार नाही.

आणि ‘तसली बाई’ हे मला मान्य नाही, ते स्पष्टच सांगते. तिला एचआयव्ही आहे हे तुला कुणी सांगितलं? वेश्याव्यवसायातल्या बायकांसाठी सरकारचा आणि संस्थांचा कार्यक्रम कित्येक वर्षं चालू आहे, त्यांची नियमित तपासणी होते, आणि कंडोमशिवाय नाही असं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगणाऱ्या त्यातल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. एचआयव्हीबद्दल आपल्या राज्यात जे काही काम उभं राहिलं, त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे. त्या रात्री ती जोखीम तिनेही घेतली. तिलाही तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतं.

लक्षणांचं म्हणशील तर, ऑगस्टच्या पावसात ताप आणि घसा अर्ध्या चाकणला असेल. नव्या लागणीत दोन ते चार आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ, घसादुखी होऊ शकते हे खरं आहे. पण लागण झालेल्या पुष्कळ लोकांना त्या काळात काहीच होत नाही, आणि ज्यांना हे सगळं होतं त्यातल्या बहुतेकांना साधा व्हायरल असतो. जबड्याखालची गाठ दिवसातून दहा वेळा दाबून बघितली की ती दुखणारच. वजन उतरलं कारण तू जेवत नाहीस. लक्षणांवरून एचआयव्ही आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. तेव्हा मोबाइलवर लक्षणं शोधणं आजपासून बंद. ताप राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखव, डेंग्यू या दिवसांत असतोच.

गावभर होईल ही भीती मी त्या खोलीत सगळ्यात जास्त ऐकली आहे, म्हणून तिथे नेमकं काय होतं ते सांगते. सरकारी केंद्राचं नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पाटीवर आणि बोलण्यात ‘आयसीटीसी’. तुला सोलापूरला जायचं कारणच नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आहे, पुण्यात ससूनला आहे. जवळचं केंद्र कोणतं ते १०९७ या मोफत नंबरवर विचारलंस तर सांगतात. बाहेरच्या बाकावर तुझ्या शेजारी बहुतेक गरोदर बायका असतील, कारण प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी होते. टीबीचे पेशंट असतील, कारण त्यांचीही होते. त्या बाकावर बसलेला माणूस कशासाठी आलाय हे बघणाऱ्याला कळत नाही.

आत गेल्यावर समुपदेशक दार लोटून घेते. काय झालं, कधी झालं हे विचारते. तू २४ जुलै ही तारीख सांगायची, संकोच करायचा नाही, तिने हे रोज ऐकलेलं असतं. मग संमतीच्या कागदावर सही. शिरेतून थोडं रक्त. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो, तुझ्याच हातात देतात आणि पुन्हा दार लोटून समजावून सांगतात. एक पैसा लागत नाही. पहिल्या किटवर ‘रिॲक्टिव्ह’ आलं म्हणून कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. त्याच रक्तावर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किट लावतात आणि तिन्हींवर आलं तरच तसा रिपोर्ट देतात. खासगी लॅबमध्ये एकाच किटवरच्या रिपोर्टने उद्ध्वस्त होऊन आमच्याकडे आलेली आणि पुढे निगेटिव्ह निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुझ्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडले तर तुझ्या संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणंही त्या कायद्याने भेदभावात मोडतं आणि त्यावर मनाई आहे.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. रक्तदान करू नकोस. हे मी मुद्दाम आत्ता लिहिते, कारण गणपती आणि नवरात्रात मंडळामंडळांत शिबिरं असतात, मित्र ओढून नेतात, आणि काही पोरं तर ‘फुकटात तपासणी होईल’ असा हिशेब करून स्वतःहून आडवी होतात. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, पण विंडो पीरियडमधली लागण त्या तपासणीतूनही निसटू शकते. बाधित रक्त चढवलं गेलं तर घेणाऱ्याला लागण होण्याचं प्रमाण शंभरात नव्वदच्या वर आहे. ते बाळंतीण असेल, थॅलेसेमियाचं लेकरू असेल. मित्रांना ‘ताप होता, डॉक्टरांनी नाही म्हटलंय’ एवढं सांग.

त्याच भेटीत सिफिलिस आणि हिपॅटायटिस-बी याही तपासण्या करून घे. मोठ्या सरकारी रुग्णालयात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. सिफिलिसचा फोड दुखत नाही आणि आपोआप बरा होतो, म्हणून माणूस विसरतो आणि आजार आत वाढत राहतो. वेळेत कळला तर इंजेक्शनने पूर्ण बरा होतो. लघवीला जळजळ, पू, फोड असं काही असेल तर तारखेची वाट न बघता आजच जा. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग खात्रीशीर’ लिहिलेल्या नंबरांना फोन करू नकोस. तिथे घाबरलेल्या माणसाचा खिसा रिकामा होतो, तपासणी होतच नाही.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का? २४ ऑक्टोबरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तिला तुझ्यापासून या आजाराचा धोका नाही. मग सांगायचं की नाही हा तुझ्या आणि तिच्या नात्याचा प्रश्न आहे, त्यात मी शिरणार नाही. माझ्या मनाचं विचारशील तर तपासणी दोघांनीही करून घ्यावी आणि रिपोर्ट एकमेकांना दाखवावेत. पत्रिका जुळवायला दोन्ही घरं बसतात, मग याला एक सकाळ द्यायला हरकत नसावी. ‘लग्नाआधी सगळेच करतात’ म्हणून सुचव, मुलीला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आणि पॉझिटिव्ह आला तर लग्नाआधी तिला सांगायलाच हवं, त्यात दुसरा विचार नाही. ते कसं सांगायचं यासाठी समुपदेशक तुझ्याबरोबर बसते. औषध २००४ पासून सरकार मोफत देतं, आणि २०१७ पासून रिपोर्ट आला की लगेच सुरू करतं. आजकाल बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाने २०१६ आणि २०१९ मध्ये शेकडो जोडप्यांवरून हे दाखवून दिलं : एक बाधित, पण औषधाने विषाणू दबलेला, कंडोम नाही, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला एकही लागण नाही.

एक शेवटचं. २४ ऑक्टोबरला निगेटिव्ह आला की थांबायचं. काही जण मग नोव्हेंबरात करतात, डिसेंबरात करतात, लॅब बदलून करतात. ती तपासणी एचआयव्हीची नसते, अपराधीपणाची असते, आणि त्याचा रिपोर्ट कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. तसं व्हायला लागलं तर पुन्हा १४४१६ किंवा मानसोपचार तज्ज्ञ. मला लिहिलंस तरी चालेल.

प्रश्न : मी मुंबईत राहतो, वय ३१, पुरुषांशी संबंध ठेवणारा. काल रात्री ॲपवरून भेटलेल्या एकाबरोबर संबंध झाला, मी घेणाऱ्या बाजूला होतो, कंडोम मधेच निसटला. नंतर त्याने त्याच्या तब्येतीबद्दल उडवाउडवीची उत्तरं दिली. आता तीन महिने वाट बघण्याशिवाय काही करता येतं का? डॉक्टरांसमोर हे कसं बोलू?

उत्तर : हा मेल एका शनिवारी दुपारी आला आणि त्याला अर्ध्या तासात फोन केला. छापते आहे ते इतरांसाठी, कारण इथे वाट बघण्यात नुकसान आहे.

७२ तास. संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं तर लागण बहुतेक वेळा टाळता येते. त्याला ‘पेप’ म्हणतात. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं, साधारणपणे एकाच गोळीत, रोज एक, २८ दिवस. ७२ ही शेवटची मर्यादा आहे. दोन तासांनी सुरू केलेलं सत्तर तासांनी सुरू केलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं. सोमवारी ओपीडी उघडेल तेव्हा जाऊ, असं करायचं नाही. कॅज्युअल्टी रविवारीही उघडी असते.

तुमच्या बाबतीत घाई करावी असंच आहे. गुदमार्गे संबंधात घेणाऱ्या बाजूचा धोका सगळ्यात जास्त : समोरचा बाधित आणि औषधावर नसेल तर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८.

ज्या रुग्णालयात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणारं केंद्र आहे तिथे जा. ‘एचआयव्हीची जोखीम झाली आहे, इतके तास झालेत, पेप हवं आहे’ हे एकच वाक्य बोला. सरकारी रुग्णालयात हा साठा प्रामुख्याने सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेला असतो, त्यामुळे टोलवाटोलवी होऊ शकते. तसं झालं तर वाद घालत वेळ घालवू नका, एचआयव्हीचे पेशंट बघणाऱ्या खासगी फिजिशियनकडे जा, ते लिहून देतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. सुरुवातीला एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि किडनीची तपासणी लागते, पण तिचा रिपोर्ट येईपर्यंत पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. पेप घेतल्यावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा बदलतात, त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली तरी गोळी सोडायची नाही.

डॉक्टरांसमोर काय बोलू म्हणालात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान पुरुषांमधला राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही असं ठरवलं. कुणी नाक मुरडलं तर तो त्याचा दोष. तुम्ही संबंध कुठल्या मार्गाने झाला हे खरं सांगा, कारण औषधाचा निर्णय त्यावर ठरतो. २८ दिवस झाले की ‘प्रेप’बद्दलही विचारून घ्या. ही जोखमीच्या आधीपासून घ्यायची गोळी आहे, आणि असे प्रसंग पुन्हा येणार असतील तर दर वेळी ७२ तास मोजत धावण्यापेक्षा ती बरी.

प्रश्न : लातूर जिल्ह्यातून लिहिते. मालक ट्रकवर असतात, दोन-दोन महिने घरी नसतात. कंडोमचं नाव काढलं की ‘माझ्यावर संशय घेतेस का’ म्हणतात. मला माझी तपासणी करायची आहे. त्यांची सही लागते का? त्यांना कळवतात का?

उत्तर : नाही, सही लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, तुमची सही पुरते. घरी पत्र जात नाही, निकाल तुमच्याच हातात देतात. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. गावातली आशाताई ओळखीची असेल आणि नको वाटत असेल तर तिला न सांगता थेट गेलात तरी चालतं. फोनसाठी नंबर मागतील तेव्हा जो फोन घरात दुसरं कुणी उचलत नाही तोच द्या.

निगेटिव्ह आलं तरी शेवटचा संबंध तीन महिन्यांच्या आतला असेल तर पुन्हा एकदा करावी लागेल, आणि मालक दर फेरीनंतर घरी येत राहणार, म्हणून दर सहा महिन्यांनी करत जा. त्यांच्याशी बोलायला ‘रुग्णालयात जोडीजोडीने तपासताहेत’ असं निमित्त चालतं. समुपदेशकाला सांगितलंत तर ती दोघांना एकत्र बोलावते. हात उगारतील अशी भीती असेल तर ते तिला आधीच सांगा, मग ती तुमचं नाव कुठेही पुढे करणार नाही. बायकांनी वापरायचा कंडोमही असतो, केंद्रात विचारून बघा.

पाळी चुकली असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. गरोदरपणात कळलं तर आईला लगेच गोळ्या आणि बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू करतात, आणि मग बाळ या लागणीपासून वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.